वॉशिंग्टनमध्ये नवीन आलात? ‘गेट’ची युनिट्स घेण्याआधी हे वाचा

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की सिएटलजवळच्या रेडमंड, बॉथेल, सॅमॅमिशकडच्या आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो: कॉलेजसाठी पैसे कुठे साठवायचे? गेल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मला हे तिघांनी विचारलं. हातात ताट घेऊन जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण ते अर्धवटच राहिलं. म्हणून आता सविस्तर लिहिते.

‘गेट’ म्हणजे गॅरंटीड एज्युकेशन ट्यूशन, वॉशिंग्टन राज्याची आगाऊ फी भरायची योजना. विधिमंडळाने १९९७ साली कायदा केला आणि १९९८ पासून युनिट्स विकायला सुरुवात झाली. १०० युनिट्स म्हणजे राज्यातल्या सगळ्यात महाग सरकारी विद्यापीठाची, राज्यातल्या विद्यार्थ्याला लागणारी एका वर्षाची फी. आपल्या आया उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरून ठेवायच्या ना, तसंच हे. भाव आजचा, वापर पुढे. मूल दुसऱ्या राज्यात किंवा खासगी कॉलेजात गेलं तरी युनिट्सचे पैसे तिथे वापरता येतात, पण रक्कम वॉशिंग्टनच्या फीवरूनच ठरते. राहणं-खाणं यात धरलेलं नसतं.

म्हणजे तुमच्या युनिटची किंमत शेअर बाजार ठरवत नाही, ती ऑलिंपियात, म्हणजे राज्याच्या राजधानीत, ठरते. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की बाकीचं सोपं आहे.

सुरुवातीला युनिट ३५ डॉलरला होतं. मग २००८ ची मंदी आली, राज्याने विद्यापीठांचं अनुदान कापलं आणि फी वाढत गेली. २०११ साली विधिमंडळाने कायदा करून फी ठरवायचा अधिकार विद्यापीठांनाच दिला. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने त्या वर्षी २० टक्के आणि पुढच्या वर्षी १६ टक्के फी वाढवली. ज्यांनी आधी स्वस्तात युनिट्स घेतली होती त्यांना वाढीव फीइतके पैसे द्यायचं वचन राज्याने दिलं होतं, त्यामुळे योजनेच्या हिशेबात मोठी तूट दिसायला लागली. ती भरून काढायला नवीन युनिटचा भाव ११७ वरून एकदम १६३ डॉलर झाला आणि नंतर १७२.

आमची लेक तेव्हा चार वर्षांची होती. ऑफिसात, पार्किंगमध्ये, जिथे तिथे एकच बोलणं: आत्ता घेतलं नाही तर पुढे परवडणार नाही. आम्ही १६३ च्या भावाने १०० युनिट्स घेतली, १६,३०० डॉलर.

पुढे कोणीच धरून न चाललेली गोष्ट झाली. २०१५ मध्ये विधिमंडळाने फी चक्क कमी केली. मोठ्या दोन विद्यापीठांत दोन वर्षांत मिळून सुमारे १५ टक्के, आणि पुढची वाढ राज्यातल्या वेतनवाढीच्या सरासरीला बांधून टाकली. मुलांच्या दृष्टीने उत्तम निर्णय, आणि तो तसाच होता असं मी आजही मानते. पण फी उतरली की युनिटही उतरणार. ते होऊ नये म्हणून युनिटमागे मिळणारी रक्कम ११७.८२ डॉलरवर गोठवली आणि नवीन विक्री थांबवली. ज्यांना बाहेर पडायचं होतं त्यांना योजनेचा दंड न लावता पैसे परत घ्यायची मुभा दिली.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लेकीची चौकटीची वही ओढून मी दोन आकडे एकाखाली एक लिहिले: १६,३०० आणि ११,७८२. नवऱ्याने शेजारी वजाबाकी केली, ४,५१८. लेक समोर बसून रंग भरत होती. पैसे काढून घ्यायचे की थांबायचं, यावर आमचे दोन आठवडे गेले. शेवटी थांबलो, कारण करारामागे राज्याची कायदेशीर हमी होती आणि कॉलेजला अजून दहा वर्षं होती.

२०१७ मध्ये हिशेबाची फेरमांडणी झाली. युनिटची किंमत पुन्हा फीच्या एक टक्क्यावर आणली आणि खात्याचं एकूण मूल्य घटू नये म्हणून जुन्या खात्यांत युनिट्स वाढवली. त्याच नोव्हेंबरात नवी विक्री ११३ डॉलरने सुरू झाली. २०१८ च्या कायद्याने जुन्या खात्यांत आणखी युनिट्स घालायला वाट करून दिली. गेल्या सप्टेंबरात लेकीची पहिल्या वर्षाची फी त्यातूनच गेली.

सगळीकडे असं झालं नाही. टेक्ससने २००३ साली विद्यापीठांना फी ठरवायची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी तिथली अशीच जुनी योजना नवीन लोकांना बंद झाली. २००८ मध्ये नवी आली, पण जुनीला असलेली राज्याची हमी नवीला नाही. म्हणून डॅलस किंवा ह्यूस्टनला बदली झाली तर इथलं गणित तिथे लावू नका. वॉशिंग्टनची हमीही शब्दन् शब्द वाचून घ्या. योजना बंद करायची वेळ आली तर कॉलेजला लागलेली किंवा चार वर्षांच्या आत लागणारी मुलं युनिट्स वापरू शकतात, बाकीच्यांना पैसे परत मिळतात.

आता तुमच्या कामाचं. खातं उघडताना तुम्ही किंवा मूल वॉशिंग्टनचे रहिवासी हवेत, आणि मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर न मिळणाऱ्यांसाठीचा कर क्रमांक) लागतो. एच-फोरवरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांचं इथेच अडतं, त्यामुळे तो कागद आधी मार्गी लावा. युनिट घेतल्यापासून दोन वर्षं वापरता येत नाही, म्हणून बारावीतल्या मुलासाठी ही वाट नव्हे. युनिट्स आहेत म्हणून मूल फीसाठी इथलं रहिवासी ठरत नाही, ते नियम वेगळे. विकत घ्यायचा भाव आज हातात येणाऱ्या रकमेपेक्षा साधारण जास्तच असतो. पहिली काही वर्षं खातं तोट्यात दिसलं तर घाबरून काढू नका.

आणि भारतात परतायचा विचार असेल तर हात आखडता घ्या. पैसे मान्य शिक्षणखर्चाबाहेर वापरले तर नफ्यावर इथला आयकर आणि वर १० टक्के दंड बसतो, आणि पुण्या-मुंबईचं कॉलेज या मान्य यादीत असेल असं गृहीत धरू नका. खातं पंधरा वर्षं जुनं असेल तर २०२४ पासून आयुष्यभरात मिळून ३५,००० डॉलरपर्यंत रक्कम मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, वळवता येते. उरलेल्याची ही एक चांगली सोय झाली आहे.

माझं मत विचाराल तर सगळी चार वर्षं ‘गेट’मध्ये भरू नका. शंभर-दोनशे युनिट्स, तीही दरमहा थोडी थोडी. बाकी बाजारात गुंतवणाऱ्या योजनेत. राज्याची तशी योजनाही २०१८ पासून आहे. आणि भाव वाढणार अशी आवई उठली की त्या आठवड्यात काहीच घेऊ नका.

विधिमंडळाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६० दिवस. त्या काळात विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ‘ट्यूशन’ शब्द टाकून आठवड्यातून एकदा शोधा. समितीपुढच्या विधेयकावर बाजूने की विरोधात, ते तिथेच नोंदवता येतं. मी दर वर्षी नोंदवते, पाच मिनिटं लागतात.