सर्व्हर दुकानात, तुम्ही घरी: रिमोट जोडणीतल्या या चुका टाळा

इंदूरच्या सियागंजातल्या पेढीत कपाटामागे एक संगणक चोवीस तास चालू असतो. टॅली त्यावर, बिलांच्या पीडीएफ त्यावर, कधी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्यावरच. शेटजी सुदामानगरात, मुनीम देवासला, सीए पळासियाला आणि जीएसटीआर-३बीची २० तारीख उद्यावर आलेली. अशा वेळी जोडणी लागली नाही की पहिला हात जातो पासवर्डवर आणि दुसरा राउटरच्या रीसेट बटणावर. पासवर्ड उगाच बदलला तर फार बिघडत नाही. पण रीसेटने पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची विनंती आतल्या सर्व्हरकडे वळवणारा नियम) पुसलं जातं, पीपीपीओईचं (नेट कंपनीच्या लॉगिनचं) यूजरनेमही जातं. म्हणजे आधी एकट्या तुमची जोडणी बंद होती, आता अख्ख्या दुकानाचं नेट बंद.

मेसेज न वाचताच उपाय सुरू करणे

कुठे अडलंय ते मेसेज बहुतेक वेळा सांगून टाकतो. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे विनंती गेली, उत्तरच आलं नाही. सर्व्हर बंद आहे, पत्ता चुकलाय, फायरवॉलने गिळलं किंवा राउटरमध्ये वाटच काढलेली नाही. पासवर्डचा इथे काडीचाही संबंध नाही, कारण तो विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे पलीकडून कोणीतरी उत्तर दिलं की या पोर्टवर कोणी बसलेलं नाही. सर्व्हिस बंद असेल किंवा पोर्टचा आकडा चुकला असेल. मात्र हा नकार सर्व्हरचाच असेल असं नाही. फॉरवर्डिंग नसलं तर काही राउटर स्वतःच असं उत्तर देतात. आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, किंवा ओळख चुकली असा मेसेज आला, तर वाट पूर्ण मोकळी आहे. मग राउटरला हात लावू नका.

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप मात्र पहिल्या दोन्ही प्रकारांना एकच लांबलचक मेसेज दाखवतं आणि त्यात तीन-तीन शक्यता सांगून मोकळं होतं. म्हणून पॉवरशेल उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडला पत्ता आणि पोर्ट द्या. शेवटच्या ओळीत ट्रू की फॉल्स एवढंच पाहायचं. नुसत्या पिंगवर (‘आहेस का?’ एवढंच विचारणाऱ्या चाचणीवर) भिस्त ठेवू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला बऱ्याचदा उत्तर देत नाही. सर्व्हर ठणठणीत असतो आणि लोक तो मेला म्हणून दुकान उघडायला माणूस पाठवतात.

तपासाचा क्रमही ठरलेला हवा. आधी सर्व्हरवर बसूनच सर्व्हिस चालू आहे का ते पाहा. मग दुकानातल्याच दुसऱ्या संगणकावरून, आतल्या पत्त्याने जोडून पाहा. ते जमलं की मोबाइलचा वाय-फाय बंद करून डेटावरून, बाहेरच्या पत्त्याने. दुकानात बसून बाहेरच्या पत्त्याने चाचणी घेण्यात अर्थ नाही. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी वाट देतच नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही ‘लागत नाही’ असं दिसतं.

पब्लिक आयपी नसताना पोर्ट फॉरवर्ड करत बसणे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. यूट्यूब पाहून राउटरमध्ये नियम टाकला, पुन्हा टाकला, फायरवॉल पार बंद केली, तरी टाइम-आउट. राउटरच्या स्टेटस पानावर डब्ल्यूएएन किंवा इंटरनेट आयपी असतो, तो लिहून घ्या. मग दुकानातल्याच ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधून बाहेरून दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही एकच असतील तर उत्तम. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने तुमच्यासारख्या अनेकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. त्याला सीजीनॅट म्हणतात. आयपी-व्ही४चे पत्ते संपत आले म्हणून २०१२ साली हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० ने सुरू होणारा पत्ताही देतात. दोन्ही बाबतीत तुमच्या राउटरमधला नियम कितीही बरोबर असला तरी विनंती तिथवर पोहोचतच नाही, कारण ती कंपनीच्याच उपकरणावर थांबते. डायनॅमिक डीएनएसनेही भागत नाही. ते फक्त नाव देतं, वाट काढत नाही.

राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर भानगड घरातलीच आहे. फायबरवाल्याचा डबा हा एक राउटर आणि त्यामागे तुम्ही लावलेला हा दुसरा. एकतर त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाका (म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देतो), नाहीतर दोन्हीकडे नियम द्या. पहिला मार्ग बरा, पण त्यात पीपीपीओईचं यूजरनेम तुमच्या राउटरमध्ये भरावं लागतं. ते आधी लाइनमनकडून लिहून घ्या.

सीजीनॅट असेल तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतात. किंवा सर्व्हरच स्वतःहून बाहेर जोडला जाईल अशी व्यवस्था करा. टेलस्केलसारखी सेवा किंवा भाड्याच्या छोट्या क्लाउड मशीनवर वायरगार्ड. दोन्ही व्हीपीएनचेच प्रकार, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी तुमची खाजगी, बंदिस्त वाट. आमचं मत विचाराल तर पाच-सात माणसांच्या पेढीने स्टॅटिक आयपी मिळाला तरी हा दुसराच रस्ता धरावा.

३३८९ सरळ जगासाठी उघडणे

कारण पुढचंच. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडलं की थोड्याच वेळात अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड मारून पाहणं सुरू होतं. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी गाळून पाहा. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टॅली, अकाउंट्स अशा नावांनी रांग लागलेली दिसेल. ३३८९ ऐवजी ३३९० किंवा ५००८९ केलं की लपलो असं वाटतं, पण शोधणारे प्रोग्रॅम सगळी पोर्टं चाळतात. फार तर लॉगमधली गर्दी कमी होते. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी निघाली, तिला तर पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टने अपडेट देणं केव्हाच बंद केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा दुरुस्ती काढली, एवढी ती गंभीर होती. एकदा कोणी आत शिरलं की टॅलीचा डेटा आणि त्याच मशीनला लावलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह, दोन्ही खंडणीसाठी एकदमच कुलूपबंद होतात.

म्हणून आधी व्हीपीएन, मग त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. राउटरवर ३३८९चा नियम आज असेल तर व्हीपीएन चालू झाल्याची खात्री करून तो काढून टाका.

व्हीपीएन झालं म्हणून टॅलीचं डेटा फोल्डर घरच्या संगणकावर शेअर करून उघडू नका. प्रत्येक व्हाउचरमागे फाइलची ये-जा होते, काम रखडतं आणि नेट मध्येच तुटलं तर डेटा खराब होतो. टॅली दुकानातल्या मशीनवरच चालू द्या, घरी फक्त पडदा आणा.

व्हीपीएन ‘कनेक्टेड’ आणि तरी काहीच उघडत नाही

घर आणि दुकान दोन्हीकडे १९२.१६८.१ हेच जाळं असणं हे याचं नेहमीचं कारण. राउटर डब्यातून काढला तसाच लावला की असं होतं. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० मागितला की तो पत्ता त्याला घरातलाच वाटतो आणि तो व्हीपीएनकडे वळतच नाही. दुकानाचं जाळं १९२.१६८.५७ असं आडवाटेचं ठेवा. पण बदल केला की प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं यंत्र यांना हाताने दिलेले पत्तेही बदलावे लागतात, तेव्हा गिऱ्हाईक असताना हे काढू नका. रंगपंचमीला बाजार बंद असतो खरा, पण गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) गर्दीतून राजवाड्याच्या बाजूने तिथवर पोहोचणार कसे? रविवार बरा.

दुसरा प्रकार फसवा आहे. लॉगिन होतं, लहानसहान कामं चालतात, आणि मोठी यादी उघडली की पडदा गोठतो. हे एमटीयूचं, म्हणजे एका खेपेत जाऊ शकणाऱ्या डेटाच्या कमाल आकाराचं दुखणं. विंडोजवर पिंगला -एफ आणि -एल १४७२ देऊन बाहेरचा एखादा उत्तर देणारा पत्ता पाहा. २८ बाइट्स हेडरचे धरून हे बरोबर १५०० होतात. १४७२ जात नाही आणि १४६४ जातं, तर लाइन पीपीपीओईची आहे, एमटीयू १४९२. वायरगार्ड साधारण १४२० धरून चालतं, ते अशा लाइनवर १४१२ करा. तरी अडलं तर १३८०.

वायरगार्ड आणखी एका बाबतीत सतावतं. चावी (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी अक्षरांची लांब ओळ) चुकली तर ते ‘चुकलं’ म्हणत नाही, गप्प राहतं. म्हणून ‘लेटेस्ट हँडशेक’ची, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख शेवटची कधी पटली याची ओळ पाहायची. ती नसेल तर दोन्हीकडच्या पब्लिक चाव्या अदलाबदल झाल्या नाहीत ना, आणि ५१८२० हे पोर्ट टीसीपी नव्हे तर यूडीपी म्हणून उघडलंय ना, हे तपासा. जोडणी थोड्या वेळाने मरत असेल तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी सेटिंग) २५ सेकंद ठेवा.

लाइट गेल्यावर काय होतं याचा विचार न करणे

मे-जूनमध्ये इंदुरात संध्याकाळी वावटळ उठते, लाइट जाते, अर्ध्या तासाने येते. सर्व्हर मात्र येत नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ ही सेटिंग ‘पॉवर ऑन’ करा. ‘लास्ट स्टेट’ नको. यूपीएसने मशीन नीट बंद केलं असेल तर तिची शेवटची स्थिती ‘बंद’ हीच असते.

एवढं करूनही एक फट उरते. बॅटरी उतरत आली म्हणून यूपीएसच्या सॉफ्टवेअरने सर्व्हर बंद केला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज गेलेलीच नाही. ते स्वतःहून सुरू होणार नाही. यूपीएस असा घ्या जो शटडाउननंतर स्वतःचं आउटपुटही तोडतो, आणि ती सेटिंग चालू करा. फायबरचा डबा आणि राउटर यूपीएसवर नसतील तर सर्व्हर जागा राहून उपयोग नाही. त्यांच्यासाठी छोटे डीसी यूपीएस मिळतात. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या.

लाइट आल्यावर राउटर आतले पत्ते नव्याने वाटतो. काल सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडा १० होता, आज १४, आणि फॉरवर्डिंगचा नियम अजून १० कडेच बोट दाखवतो. राउटरच्या डीएचसीपी रिझर्वेशनमध्ये (पत्ता राखून ठेवण्याच्या सेटिंगमध्ये) सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या पक्क्या क्रमांकाला) एक आयपी कायमचा बांधून टाका. आणि मशीन जुनं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं. मग सर्टिफिकेट चुकीचं ठरतं, ३० सेकंदांचा ओटीपी जुळत नाही, आणि वायरगार्ड मागच्या वेळेचा हँडशेक जुनाट म्हणून नाकारतो. चावी बरोबर, पोर्ट बरोबर, तरी लागत नाही. आधी तारीख पाहा.

विंडोजच्या काही गाठी

होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही, प्रो लागते. पासवर्ड नसलेलं खातं चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन असेल तर रोजचा पिन इथे चालत नाही, खात्याचा पासवर्डच द्यावा लागतो. स्लीप ‘नेव्हर’वर हवी. प्रोवर एका वेळी एकच माणूस, म्हणजे मुनीमजी आत आले की काउंटरवरच्या मुलाचा पडदा बंद होतो. विंडोज सर्व्हरवर देखरेखीसाठी दोन जणांना मुभा आहे. जास्त माणसांसाठी रिमोट डेस्कटॉपची भूमिका (‘रोल’) टाकली की १२० दिवस विनापरवाना चालतं आणि मग एके दिवशी अचानक सगळे बाहेर. प्रोवर अनेकांना एकाच वेळी घुसवण्याचा जुगाड बाजारात कोणीही लावून देतो. तो परवान्यातही बसत नाही आणि अपडेट आलं की मोडतो.

लिनक्सवर स्वतःलाच बाहेर कोंडणे

यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू करण्याआधी २२ला, म्हणजे एसएसएचच्या (लिनक्सवरच्या रिमोट जोडणीच्या) पोर्टला परवानगी दिली नाही तर पुढची जोडणी लागतच नाही. एसएसएचच्या फाइलमध्ये बदल केला की आधी ‘एसएसएचडी -टी’ने (इथे टी लहान अक्षरातला) तपासा, मग सर्व्हिस रीस्टार्ट करा. जुनी खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी लागली की मगच ती मिटवा.

पासवर्ड लॉगिन बंद केलं तरी चालूच राहतं, ही तक्रारही नेहमीची. क्लाउडवरच्या उबुंटूत कॉन्फिगच्या उपफोल्डरमध्ये क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा उभं करणाऱ्या प्रोग्रॅमची) वेगळी फाइल असते. ती आधी वाचली जाते आणि एसएसएचमध्ये जी किंमत पहिली सापडते तीच लागू होते. मुख्य फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहा, फरक पडत नाही. खरंच काय लागू आहे ते मोठ्या टीने, म्हणजे कॅपिटल अक्षरातल्या ‘-टी’ने दिसतं. चावी असूनही नकार येत असेल तर परवानग्या पाहा. एसएसएचच्या फोल्डरला ७००, चाव्यांच्या फाइलला ६००, आणि होम फोल्डरवर गटाला लिहिण्याची मुभा नको. चुकीचे पासवर्ड मारून फेल-टू-बॅनने (वारंवार चुकणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रोग्रॅमने) दुकानाचाच आयपी अडवला असेल तर लक्षण टाइम-आउट किंवा रिफ्यूज्डचं दिसतं. मोबाइल डेटावरून लागलं तर समजा तेच आहे.

मुनीम नोकरी सोडून गेला की त्याचं विंडोज खातं डिसेबल करा, वायरगार्डमधली त्याची पिअरची नोंद काढा, चाव्यांच्या फाइलमधली त्याची ओळ पुसा. सगळ्यांना मिळून एकच खातं आणि एकच चावी दिली असेल तर हे करताच येत नाही, सगळ्यांच्या चाव्या बदलाव्या लागतात. म्हणून चावी बनवतानाच तिच्या शेवटी कमेंटमध्ये माणसाचं आणि लॅपटॉपचं नाव लिहा.