मॉडेल रेल्वेला घरची लाईट पुरते. या चुका मात्र टाळा

जळगाव-भुसावळकडे घरात मॉडेल रेल्वे मांडायची म्हटली की पहिली शंका लाईटचीच. ‘इतकी इंजिनं पळवशील तर एमसीबी पडेल ना भो!’ मग कोणी वायरमनला बोलावून वेगळी लाईन ओढून घेतो, कोणी मंजूर भार वाढवायच्या अर्जामागे लागतो. भुसावळच्या शेडमधली खरी इंजिनं २५ हजार व्होल्टवर धावतात, त्याचा हा धसका असावा. घरातलं एचओ मापाचं (खऱ्याच्या ८७व्या हिश्शाएवढं) इंजिन १२ व्होल्टवर चालतं आणि आजकालची बहुतेक इंजिनं अर्धा अँपिअरसुद्धा खात नाहीत.

खरा घोळ होतो तो अँपिअर मोजताना. बूस्टरवर, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या पेटीवर, ‘५ अँपिअर’ छापलेलं असतं. दोन बूस्टर म्हणजे १०, आणि बोर्डावरचं सॉकेट तर ६ अँपिअरचं! पण ते ५ अँपिअर रुळांच्या बाजूचे आहेत, १५ व्होल्टवरचे. पंधरा पाचे पंच्याहत्तर वॅट. वाया जाणारं धरून एका बूस्टरला १०० वॅट म्हणा. २३० व्होल्टवर ते अर्ध्या अँपिअरच्याही आत बसतं. ६ अँपिअरचं सॉकेट १३८० वॅट झेलतं. म्हणजे वेगळ्या लाईनचा खर्च वाचवा आणि त्या पैशात एखादा डबा घ्या.

एमसीबी पडते ती बहुधा शेजाऱ्यामुळे. मे महिन्यात त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, त्यावरच इस्त्री, आणि बोल लागतो रेल्वेला. इस्त्री आधी काढा. कूलरही लेआउटपासून (रुळांच्या मांडणीपासून) लांब ठेवा. त्याच्या ओलाव्याने रूळ काळवंडतात आणि गाडी अडखळू लागते.

आता ज्याची भीती कोणालाच वाटत नाही, पण वाटायला हवी, ते. डबा रुळावरून घसरून आडवा पडला आणि दोन रूळ जोडले गेले, तर घरची एमसीबी ढिम्म हलत नाही. तिच्या दृष्टीने अर्धाच अँपिअर जातोय. इकडे मात्र ७५ वॅटपर्यंतची उष्णता एका बारीक वायरीत किंवा डब्याच्या चाकापाशी साठते आणि प्लास्टिक वितळतं. हे थांबवायचं काम बूस्टरच्या आतल्या कटऑफचं. तो काम करतो का ते असं तपासा: रुळांच्या प्रत्येक तुकड्यावर, विशेषतः बूस्टरपासून सर्वांत लांबच्या टोकाला, रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. लगेच कटऑफ व्हायला हवं. नाही झालं, तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

वायरीचं गणितही सोपं आहे. अर्धा एमएमची वायर ५ मीटर नेली, तर जाऊन-येऊन १० मीटर होते. ३ अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो. गाडी लांबच्या वळणावर मंदावते आणि आपण ‘संध्याकाळी व्होल्टेज डाउन असतं’ म्हणत बसतो. टेबलाखालून दीड एमएमची तांब्याची जोडी फिरवा आणि दर तीन-चार फुटांवर रुळाला जोड द्या. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या नुसत्या फिशप्लेटवर (पट्टीवर) भरवसा नको. इतकं करूनही गाडी अडखळली, तर आधी रूळ आणि चाकं पुसा. आपल्याकडच्या वाऱ्याला धुळीची काय कमी!

अमेरिकेहून भाच्याने आणलेला सेट थेट प्लगात घालू नका. १२० व्होल्टचा जुना ट्रान्सफॉर्मर २३० वर काही मिनिटांतच जळतो. लेबल वाचा: ‘१००-२४०’ असेल तर फक्त पिन बदलायची, नाहीतर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावायचा.

आणि साध्या डीसी पॅकवर (नॉब फिरवून वेग कमी-जास्त करायच्या पेटीवर) खेळताना लाईट गेली, तर नॉब आधी शून्यावर आणा. ती परत आली की अर्ध्या वेगावर राहिलेलं इंजिन झटक्यात उसळतं आणि वळणावर असेल तर सरळ फरशीवर.