पोराच्या फोनमध्ये मूडचं ॲप टाकण्याआधी एवढं करा

घरातलं पोर गप्प गप्प राहायला लागलं, रात्री दोनला पण खोलीतला लाईट चालू दिसला की आपण काय करतो, तर कुठलं तरी ॲप शोधतो आणि त्याच्या फोनमध्ये टाकून मोकळे होतो. मी भाच्याच्या बाबतीत हेच केलं, त्यानं दोन दिवसात काढून टाकलं. आधी आपल्या फोनमध्ये टाका, आठवडाभर स्वतः वापरा आणि मग त्याला विचारा, "मी हे वापरतोय, बघायचंय का तुला?"

सुरुवात मूड ट्रॅकरपासून करा, आणि त्याला पैसे घालायची काही गरज नाही, फोनमधल्या साध्या नोट्स पण चालतात. रोज झोपायच्या आधी मूड १ ते ५ मध्ये किती, काल झोप किती तास आणि आज काय झालं ते एका ओळीत, बस. भाच्याच्या नोंदीत तीन आठवड्यांनी दिसलं की दर रविवारी संध्याकाळी आकडा १ नाहीतर २, आणि खाली फक्त "उद्या लॅब". लॅबच्या ग्रुपमध्ये त्याला कोणी सोबत घेत नव्हतं. तोंडानं सांगणं जमत नव्हतं त्याला, पण फोन माझ्यापुढे सरकवणं जमलं. म्हणून सांगतो, नोंदी चोरून वाचू नका, एकदा पकडले गेलात की तो फोन परत कधी पुढे येणार नाही.

पीएचक्यू-९ नावाची, नैराश्याची लक्षणं चाचपणारी प्रश्नावली बऱ्याच ॲपमध्ये असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा त्याच्यावर गेलं तर काउन्सिलर किंवा डॉक्टरला दाखवायचं, पण हे निदान नाही हं, नुसती चाचपणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल असतो, तिथे ० सोडून काहीही आलं तर टोटल बघत बसू नका, त्याच दिवशी माणूस गाठा.

चॅटबॉटशी पोरं मोकळेपणानं बोलतात हे खरंय, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. वोबॉट नावाचा, मनाबद्दल गप्पा मारणारा चॅटबॉट २०१७ ला आला, खूप लोकांनी वापरला आणि जून २०२५ मध्ये त्याचं ॲप बंद झालं. ज्याच्याशी रोज बोलायची सवय लागली तेच असं गायब झालं तर पोराला किती लागेल! आणि प्रायव्हसी, हे खरंच वाचा. ऑनलाइन थेरपी देणाऱ्या बेटरहेल्पनं लोकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिली असा ठपका अमेरिकेतल्या एफटीसीनं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं ठेवला आणि २०२३ मध्ये त्यांना ७८ लाख डॉलर द्यायला लावले. त्यामुळे खरं नाव, लोकेशन, कॉन्टॅक्ट मागणाऱ्या ॲपला परवानगी देऊ नका, आणि खातं डिलीट कसं करायचं ते आधीच बघून ठेवा.

शेवटचं काम पोर बरं असताना, दोघांनी शेजारी बसून करायचं. सेफ्टी प्लॅन. मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, एकट्यानं काय केलं की बरं वाटतं, कोणाला फोन करायचा, घरातल्या कुठल्या वस्तू लांब ठेवायच्या, हे त्याच्याच शब्दात लिहायचं आणि फोटो काढून ठेवायचा. हेल्पलाइनचा नंबर फेव्हरिटमध्ये टाका, आणि एकदा लावून बघा, रात्री कोणी उचलतं का ते. तुमच्या फोनमध्ये त्याचा नंबर असा सेट करा की सायलेंटवर असला तरी त्याचा कॉल वाजलाच पाहिजे, मग त्याला दुसऱ्या खोलीतून फोन करायला सांगा आणि वाजतोय का बघा.