वेगाचे दोन घटक करून प्रक्षेप्य गतीची उदाहरणे कशी सोडवावीत

फेकलेली वस्तू वक्र मार्गाने जाते आणि त्या वक्राकडेच पाहत राहिल्यास उदाहरण विनाकारण अवघड वाटते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात दाखवून दिले की, ही गती म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन साध्या गती आहेत. हवेचा विरोध सोडून दिला तर आडवा वेग अखेरपर्यंत तोच राहतो आणि उभा वेग गुरुत्वामुळे ठरावीक दराने बदलतो. या दोहोंत समान असतो तो फक्त काळ.

समजा, २० मीटर उंच कड्यावरून एक चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने, क्षितिजाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून वर फेकला. प्रथम आकृती काढून वरची दिशा धन ठरवावी आणि ती मध्येच बदलू नये. कोन क्षितिजाशी मोजलेला असल्याने आडवा घटक कोसाइनने मिळतो, २५ × ०.८ = २०; उभा घटक साइनने, २५ × ०.६ = १५. कोन उभ्या रेषेशी दिला असेल, तर साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल होते, म्हणून सूत्र आठवण्याआधी आकृती पाहावी.

आता काळ काढावा, आणि बहुतेक वेळा तो उभ्या गतीतूनच मिळतो. गुरुत्व त्वरण १० धरून आणि काळाला ‘क’ म्हणून, चेंडू जमिनीवर येतो त्या क्षणासाठी २० + १५क − ५क² = ० असे समीकरण मांडता येते (५ म्हणजे त्वरणाचा अर्धा भाग). त्याची उत्तरे ४ आणि −१ येतात. ऋण उत्तर फेकण्याच्या आधीच्या क्षणाचे असल्यामुळे ते सोडावे. उड्डाणकाल ४ सेकंद. येथे पुष्कळ विद्यार्थी शिखरापर्यंतचा १.५ सेकंदांचा काळ दुप्पट करून ३ सेकंद लिहितात, परंतु ती युक्ती वस्तू फेकलेल्या पातळीवरच परत येते तेव्हाच लागू पडते.

पल्ला, म्हणजे चेंडूने कापलेले आडवे अंतर, आता सरळ आहे: २० × ४ = ८० मीटर. शिखरावर केवळ उभा वेग शून्य होतो, आडवा वेग २० कायम असतो, हे विसरू नये. तेथील उंची कड्यापासून १५² ÷ (२ × १०) = ११.२५ मीटर, म्हणजे जमिनीपासून ३१.२५ मीटर.

जमिनीवर आदळताना उभा वेग १५ − १० × ४ = −२५ होतो. दोन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज ४०० + ६२५ = १०२५, म्हणून तिचे वर्गमूळ घेऊन वेग सेकंदाला सुमारे ३२ मीटर. ऊर्जेच्या मार्गाने २५² + २ × १० × २० केले तरी १०२५ हीच संख्या मिळते, आणि आकडेमोडीची पडताळणीही होते.