बटणाचा फोन सोडवत नाही? मग असा बदला

आधीच सांगतो, बटणाच्या फोनमध्ये वाईट असं काही नाही. चार्जिंग चार-चार दिवस पुरतं, हातातून पडला तर बॅटरी, झाकण गोळा करून परत बसवायचं की चालू, आणि टॉर्चची सवय तर २००३ साली नोकिया ११०० आला तेव्हापासूनची. त्यामुळे घरातली मंडळी "आता तरी टच घ्या" म्हणून रोज मागं लागली असतील तर लाजायचं काही कारण नाही. अडचण वेगळीच आहे, कामंच आता तशी निघायला लागलीत. सातबाऱ्यावर पीक लावायचं तर ई-पीक पाहणी, ती २०२१ पासून ॲपवर, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून निघतो, पण त्याला कॅमेऱ्याचा टच फोन लागतो. दर वेळी शेजारच्या पोराला "जरा बघ रे बाळा" म्हणायचं, ते क्रिकेटला निघालेलं असतं, आणि आपण आपलं आधार कार्ड घेऊन उंबऱ्यावर.

तरी पण घ्यायच्या आधी एकदा बघा, खरंच लागतोय का. नुसते पैसे पाठवायचे असतील तर साध्या फोनवरून पण होतं, *९९# लावून बँकेचं काम करायची सोय आहे, आणि २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, त्यात फोन लावून आवाज सांगेल तशी बटणं दाबायची. नुसतं बोलायचं असेल तर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना बिनडेटाचे, फक्त कॉल-मेसेजचे रिचार्ज ठेवावे लागलेत, दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो. एवढ्यात भागत असेल तर हा लेख इथंच सोडा, बिनधास्त.

बाकीच्यांसाठी माझं म्हणणं एकच आहे, घाई करू नका आणि क्रम सोडू नका. आधी फोन फक्त फोन म्हणून वापरायचा, मग व्हॉट्सॲप, मग आपलं काम, बँक सगळ्यात शेवटी. घरातली पोरं बरोबर उलटं करतात, पहिल्याच दिवशी पैशाचं ॲप टाकून देतात आणि आपल्याला अजून कॉल उचलता येत नसतो.

१. आधी नंबर वाचवा, फोन नंतर

सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. जुन्या फोनमधले नंबर दोन ठिकाणी असतात, काही सिममध्ये, काही फोनमध्ये. लोक काय करतात, सगळे नंबर सिमवर कॉपी करतात आणि निर्धास्त होतात. मग नव्या फोनला बारीक, म्हणजे नॅनो सिम लागतं म्हणून कंपनीच्या गॅलरीत जातात, तिथं नवीन सिम मिळतं, त्यात मोबाईल नंबर तोच राहतो पण आत सेव्ह केलेलं एकही नाव नसतं. नावं सगळी जुन्या सिमवर, आणि ते तिथंच कचऱ्याच्या डब्यात. तेव्हा जुनं सिम मागून घ्या, त्याचं नेटवर्क बंद झालं तरी जुन्या फोनमध्ये घातलं की बहुतेक वेळा नंबर वाचता येतात. जुन्या फोनला ब्लूटूथ असेल तर नंबर तसेच नव्यात पाठवता येतात. सिम आधीच तीन साईजच्या खाचांचं असेल तर तेच नव्या फोनमध्ये घाला, कॉन्टॅक्ट्स उघडून सिममधून आयात करा, झालं. पण मोठं सिम कात्रीने कापायला जाऊ नका, मोबाईलवाला "दोन मिनिटात कटरने करून देतो" म्हणाला तरी नको.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर वही. मी तर म्हणतो जमलं तरी वही करा. जुना फोन घेऊन बसायचं, अ पासून एकेक नाव लिहीत जायचं. त्यात गंमत पण आहे, "मोटार वायंडिंग नवा", "गॅसवाला २", "सुमन मावशी शेजारीण", अर्धे नंबर कुणाचे तेच आठवत नाही. ते सोडून द्या. रोजचे पंचवीस-तीस नंबर असतात, तेवढे नव्या फोनमध्ये हाताने टाकले की टायपिंगचा सराव पण तिथंच होतो.

सिम बदललं की अजून एक, त्या नंबरवर साधारण एक दिवस मेसेज येत-जात नाहीत. बिघाड नाही, फसवणूक टाळायला तसा नियमच आहे. पण ओटीपी येणार नाही, म्हणून उद्या बँकेचं काम असेल तर आज सिम बदलू नका.

२. कुठला घ्यायचा

पोराचा किंवा पुतण्याचा जुना, काच तडकलेला फोन "तुम्हाला काय, कॉलच तर करायचेत" म्हणून गळ्यात मारतात. घेऊ नका. जुन्या फोनला अपडेट येणं बंद झालेलं असतं, काही बँकांची ॲपं त्यात चालत नाहीत, बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि शिकणाऱ्यालाच अडखळणारा फोन दिला तर तो वैतागणारच. दहा ते पंधरा हजारात चांगला नवा येतो. दुकानात मेगापिक्सेल ऐकत बसू नका, रिंग मोठी वाजते का, उन्हात स्क्रीन दिसते का ते दाराबाहेर नेऊन बघा, बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास आहे ना, आणि खोक्यात चार्जर आहे का ते विचारा, हल्ली बऱ्याच खोक्यांत नुसती वायर असते. कव्हर आणि काच तिथंच लावून घ्या.

फोन चालू करताना जीमेल खातं लागतं. दुकानातला पोरगा घाईत काहीतरी पासवर्ड टाकून खातं काढून देतो आणि तो पासवर्ड फक्त त्यालाच माहीत. ते घरी येऊन घरच्या माणसाबरोबर करा, पासवर्ड वहीत लिहा (लिहू नये म्हणतात, पण विसरण्यापेक्षा घरातल्या कपाटात लिहिलेला बरा, फक्त बँकेचा पिन तेवढा लिहायचा नाही).

३. पहिला आठवडा, डेटा बंद

खरंच बंद ठेवा. या आठवड्यात फक्त कॉल घ्यायचा, लावायचा, ठेवायचा.

बटणाची सवय असलेल्या माणसाचं बोट जोरात आणि जास्त वेळ दाबतं. टचला ते चालत नाही, जास्त वेळ दाबलं की तो दुसराच काही अर्थ घेतो, चित्र हलायला लागतं, जागेवरून सरकतं, "काढून टाकायचं का" विचारतो, आणि माणूस म्हणतो फोन बिघडला. बिघडलेला नसतो. टिचकीइतकं हलकं टेकवायचं आणि लगेच बोट उचलायचं. कॉल उचलायला तर बऱ्याच फोनवर दाबायचं पण नसतं, हिरव्या गोलावर बोट ठेवून सरकवायचं असतं, कुठे वर, कुठे बाजूला. दुसऱ्या फोनवरून आपल्याच नंबरला रिंग द्यायला सांगून जमेपर्यंत सराव करा, लाजायचं नाही.

हे जमतच नसेल तर बटणं परत आणता येतात. सॅमसंगमध्ये कॉलच्या सेटिंगमध्ये कॉल घेणं-संपवणं असा भाग आहे, तिथं आवाज वाढवायच्या बटणाने कॉल उचलायचा आणि बाजूच्या बटणाने बंद करायचा अशी सोय लावता येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटणाने कॉल कट करायची सोय सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटी नावाच्या भागात असते. हे मोबाईलवाल्याला पण पुष्कळदा माहीत नसतं. तसंच अक्षर मोठं करून घ्या, डिस्प्लेमध्ये असतं, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये इझी मोड नावाचं असतं त्यात चित्रं मोठी आणि मोजकीच दिसतात.

रांगडं काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, फिंगरप्रिंट लागत नाही, त्याच्या नादी लागू नका, आकड्यांचा पिन ठेवा.

शिकवणाऱ्याला एकच अट घाला, फोन माझ्या हातात राहील. नातवंडं शिकवतात म्हणजे फोन ओढून घेतात, सटासट चार ठिकाणी बोटं मारतात आणि "झालं आजोबा, बघितलं ना?" काय बघितलं, डोंबल. तू फक्त तोंडाने सांग म्हणायचं, दाबणार मी.

४. मग व्हॉट्सॲप

टाकल्याबरोबर तीन गोष्टी करा. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांनीच फोन भरतो. प्रायव्हसीत ग्रुपमध्ये मला कोण टाकू शकतं तिथं फक्त माझे संपर्क करा. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे जास्तीच्या कुलपाचा, सहा आकडी पिन लावा. मराठी लिहायला कीबोर्डवर माईकचं चित्र असतं, ते दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, गावाकडची बोली त्याला जरा जड जाते पण काम भागतं.

इथं एक पक्कं लक्षात ठेवा. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, पीएम किसानची यादी, काहीही नाव असू दे, फाईलच्या नावाशेवटी एपीके (apk, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल) असेल तर उघडायची नाही, ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी नाही, कारण त्याचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफमध्ये येते, तिला कधी ॲप लागत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणाला तर फोन ठेवून जेवायला बसा, असली अटक कायद्यात नाहीच.

५. आपलं काम आणि शेवटी बँक

ज्या कामासाठी फोन घेतला ते आता करा. हयातीच्या दाखल्याला दोन ॲपं लागतात, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, दोन्ही प्ले स्टोअरमधूनच घ्यायची. चेहरा घेताना उजेड तोंडावर पाहिजे, पाठीमागं खिडकी नको, चष्मा काढून बघा. पीक पाहणीला शेतात फोनचं लोकेशन चालू लागतं, शेवटच्या तारखांना ॲप रखडतं म्हणून आधी उरकून घ्या.

बँकेला मात्र दमानं. पेन्शन जमा होते त्या खात्याला यूपीआय जोडू नका, दुसरं छोटं खातं ठेवा, त्यात दोन-तीन हजार, तेवढंच जोडा. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये लागतं. पिन पैसे देताना नाहीतर शिल्लक बघताना टाकायचा असतो, पैसे घेताना कधीच नाही, "पैसे मिळवायला पिन टाका" म्हणणारा चोरच. काही गडबड झालीच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, उद्या बघू करायचं नाही.

नव्या फोनवर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर येतो (दोन सिमचा असेल तर दोन), तो वहीत लिहून ठेवा, फोन हरवला तर संचार साथी या सरकारी वेबसाईटवर ब्लॉक करायला लागतो.

६. जुन्याचं काय

टाकू नका. दुसरं सिम असेल तर त्यात घालून शेतावर, प्रवासात तोच न्या, पावसात, चिखलात टच बोटाला दाद देत नाही. नुसता ठेवायचा असेल तर बॅटरी काढून ठेवा, फुगते. कुणाला द्यायचा किंवा भंगारात घालायचा असेल तर आधी मेसेज पुसा, त्यात बँकेचे सगळे आकडे पडलेले असतात, आणि मेमरी कार्ड काढून घ्या, नाहीतर पोरांच्या लहानपणीची गाणी आणि फोटो भंगारवाल्याकडं जातात.