सांध्याची पारख: आंतरविद्याशाखीय मूलभूत संशोधनाचे मूल्यमापन कसे करावे

आंतरविद्याशाखीय संशोधनाचा अहवाल मूल्यमापन समितीसमोर येतो, तेव्हा बहुतेक वेळा प्रत्येक शाखेचा एक तज्ज्ञ बोलावला जातो, तो आपापला भाग तपासतो आणि शेवटी गुणांची बेरीज होते. या रीतीत दोन्ही टोके तपासली जातात, पण एका शाखेचा पुरावा दुसऱ्या शाखेच्या हाती जातो तो सांधा कोणीच पाहत नाही. म्हणून समीक्षकांमध्ये दोन्ही शाखांत काम केलेली निदान एक व्यक्ती असावी, आणि तशी कोणी मिळत नसेल तर तज्ज्ञांनी स्वतंत्र अभिप्राय लिहिल्यानंतर एकत्र बसून केवळ सांध्यावर चर्चा करावी.

हरियाणातील राखीगढी या हडप्पा संस्कृतीच्या स्थळावरील प्राचीन डीएनएचे संशोधन उदाहरण म्हणून घेऊ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ आणि भारतातील व परदेशांतील जनुकशास्त्रज्ञ यांनी मिळून केलेले हे काम २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्ण हवामानात हाडांतील डीएनए लवकर नष्ट होत असल्याने तपासलेल्या ६१ नमुन्यांपैकी एकाच व्यक्तीचा, एका स्त्रीचा, वापरण्याजोगा जनुकीय आराखडा हाती आला. पुरातत्त्वाच्या तज्ज्ञाने दफनाचा थर व काळ बरोबर ठरवला आहे का ते पाहिले आणि जनुकशास्त्राच्या तज्ज्ञाने नमुन्यात आधुनिक डीएनए मिसळलेला नाही याची खात्री केली, तरी मुख्य प्रश्न उरतोच: एका व्यक्तीवरून संपूर्ण हडप्पा संस्कृतीच्या लोकसमूहाविषयी किती बोलता येते? संशोधकांनी तिची तुलना गोनूर (तुर्कमेनिस्तान) आणि शहर-ए-सोख्ता (इराण) या हडप्पा संस्कृतीशी संपर्क असलेल्या स्थळांवरील, स्थानिक लोकांपेक्षा वेगळा वारसा दाखवणाऱ्या ११ व्यक्तींशी केली. तिचा वारसा त्यांच्याशी जुळला, त्यामुळे निष्कर्षाला आधार मिळाला. मूल्यमापकाने या आधाराला गुण द्यावेत, मात्र तो जिथे संपतो ती जागाही अभिप्रायात नोंदवावी.

प्रक्रिया तपासताना खालचे प्रश्न विचारावेत. संशोधनाचा प्रश्न दोन्ही शाखांनी मिळून ठरवला, की एका शाखेने दुसरीला केवळ नमुने पुरवायला लावले? ‘वंश’, ‘स्थलांतर’, ‘संस्कृती’ अशा शब्दांचे अर्थ शाखेगणिक बदलतात. ते आधी ठरवून घेतले होते का? निष्फळ ठरलेले नमुने अहवालात दिसतात का? (६१ पैकी एक हा आकडा लपवला असता, तर त्या एका नमुन्याचे वजन वाचकाला कळलेच नसते.) मतभेद झाले तेव्हा ते कसे सोडवले, याची टिपणे मागावीत. ती मिळाली नाहीत, तर सहकार्य कागदापुरतेच होते अशी शंका घेण्यास जागा राहते.

फलिताचे मूल्यमापन करताना शोधनिबंधातील विधान आणि त्याच्या प्रसिद्धीतील विधान वेगवेगळे वाचावे. त्या स्त्रीच्या जनुकांत स्टेपमधील (युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील) पशुपालकांचा वारसा आढळला नाही, हा निबंधातील निष्कर्ष होता. ‘आर्यांचे स्थलांतर झालेच नाही’ हा वृत्तपत्रांत फिरलेला अर्थ त्यातून निघत नाही, कारण त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने हा वारसा इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात दक्षिण आशियात आल्याचे दाखवले होते.

उद्धरणांची संख्या व नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील निबंधांना सरासरी किती उद्धरणे मिळतात तो आकडा) यांवर विसंबू नये. उद्धरणांची रीत शाखेगणिक निराळी असते, त्यामुळे पुरातत्त्वाच्या निबंधाची तुलना जनुकशास्त्राच्या निबंधाशी आकड्यांनी करणे अन्यायाचे ठरते. संशोधनाच्या मूल्यमापनात आकडे कसे वापरावेत हे सांगणाऱ्या २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्यातही शाखाभेद लक्षात घेण्याचा आग्रह आहे.

कालमर्यादाही त्याच शहाणपणाने ठरवावी. शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले आणि मानवी सांगाडे, प्राण्यांची हाडे व धान्याचे अवशेष यांचा अभ्यास एकत्र आणणारा अहवाल १९८८ मध्ये आला. तीन वर्षांच्या अनुदानाअखेर अशा प्रकल्पाला गुण द्यायचे असतील, तर निष्कर्ष किती निघाले यापेक्षा नमुने, नोंदी आणि माहिती पुढच्या अभ्यासकाला वापरता येईल अशा रीतीने जतन केली आहे का हे तपासावे, आणि दुसरे मूल्यमापन पाच-सात वर्षांनी करण्याची तारीख त्याच बैठकीत ठरवून टाकावी.