लिनक्सवर लॅपटॉपचं खास बटण मुकं असेल तर

माइक, टचपॅड किंवा स्क्रीनच्या उजेडाचं बटण चालत नसेल तर आधी ते दाबल्याची खबर कर्नलपर्यंत (लिनक्सच्या गाभ्यापर्यंत) कोणत्या वाटेनं पोहोचते ते शोधा. निम्मी दुरुस्ती चुकीच्या जागी केल्यामुळेच वाया जाते.

रूट म्हणून (प्रशासकाच्या अधिकारानं) एव्हटेस्ट चालवा, हा बटणांचे दाब दाखवणारा प्रोग्राम आहे. यादीतली साधनं एकेक करून निवडा आणि बटण दाबून बघा. नेहमीच्या कीबोर्डाखेरीज डब्ल्यूएमआयचं, म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरकडून (आतल्या पायाभूत सॉफ्टवेअरकडून) येणाऱ्या खबरींचं, वेगळं साधनही दिसेल, तेही तपासा. कुठंच हालचाल नसेल तर डीमेसेग, म्हणजे कर्नलच्या संदेशांची नोंद, वाचा. (नुसतं एफएन बटण बहुधा लॅपटॉपची एम्बेडेड चिपच गिळते. त्याच्यामागे वेळ घालवू नका.)

समजा डीमेसेगमध्ये एटीकेबीडीची (कीबोर्डाच्या ड्रायव्हरची) ओळ आली: अनोळखी बटण, कोड ०xएबी. मग स्कॅनकोड, म्हणजे बटण पाठवतं तो कोड, एबी. आता ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या युडेव्ह फोल्डरात एचडब्ल्यूडीबी.डी नावाचं फोल्डर आहे, त्यात .एचडब्ल्यूडीबी शेपटीची फाइल करा. पहिली ओळ जुळणीची, म्हणजे एव्हडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय आणि पुढे कंपनी, मॉडेल. दुसरी ओळ कीबोर्ड_की_एबी=एफ२०. फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत जातं: स्कॅनकोड आणि बटणाचं नाव लहान अक्षरांत, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस. ती स्पेस द्यायची विसरली की ओळ गुणधर्म म्हणून वाचलीच जात नाही. मग बदल लागू करायला सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि त्या इव्हेंट साधनावर युडेव्हएडीएम ट्रिगर या आज्ञा चालवा.

माइकसाठी थेट माइकम्यूट हे बटणाचं नाव का नाही? त्याचा क्रमांक २४८. एक्स११ (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी जुनी यंत्रणा) त्यात ८ मिळवतं आणि २५५ च्या पुढचं काही घेत नाही. म्हणून एफ२०, आणि टचपॅडला एफ२१.

उजेड एका दाबात दोन पायऱ्या सरकत असेल तर एकच दाब दोन वाटांनी येतोय. एका वाटेच्या ओळीत बटणाच्या नावाऐवजी अननोन लिहा. बटण दाबलेलंच अडकून राहिलं, तर फर्मवेअर सोडल्याचा कोड पाठवत नाही असं समजा. बरोबरच्या चिन्हानंतर, बटणाच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाका, म्हणजे कर्नल स्वतःच बटण सोडतो.

दाब डब्ल्यूएमआयच्या वाटेनं येत असेल आणि ड्रायव्हर अनोळखी कोड छापत असेल, तर ड्रायव्हरच्या सोर्स कोडमधल्या स्पार्स कीमॅप तक्त्यात (कोणत्या कोडाला कोणतं बटण, याच्या यादीत) केई_की, कोड आणि बटण अशी ओळ घाला. ती शेवटच्या केई_एन्ड ओळीच्या वरच हवी, कारण तक्ता वाचणं तिथंच थांबतं.